ओढ्यावर स्लॅब घालावा का? चार वसाहतींतून तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याविषयी विचारणा

ओढ्याकाठी (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बेळगावच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. वसाहतीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा विषय सध्या आमच्या वॉर्डात चर्चेत आहे आणि कोणाकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही.

आमच्या घरामागून एक ओढा वाहतो. वरच्या बाजूच्या मळ्यांतून तो निघतो, एकामागून एक अशा चार वसाहती ओलांडतो, मुख्य रस्त्याच्या मोरीखालून पलीकडे जातो आणि जुन्या तळ्याला मिळतो. एकूण लांबी दोन किलोमीटरच्या आसपास भरेल. माझ्या लहानपणी आम्ही भावंडे या ओढ्यात खेकडे धरायचो आणि दिवाळीनंतरही त्यात गुडघाभर स्वच्छ पाणी असायचे. आज उन्हाळ्यातही तो कोरडा पडत नाही. ही गोष्ट मला फार दिवस चांगली वाटत होती, पण ते पाणी काळे आहे आणि संध्याकाळी खिडकी उघडवत नाही. तळ्याचा अर्धा भाग जलपर्णीने झाकला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात वीतभर पाणी आले होते, हेही सांगितले पाहिजे.

आता असा प्रस्ताव आला आहे की, ओढ्याला दोन्ही बाजूंनी आणि तळाशी काँक्रीट करावे, वर स्लॅब घालून त्यावर फिरण्याची वाट आणि वाहनतळ करावा, आणि तळ्यातील गाळ काढून त्यात कारंजे बसवावे. वसाहतीतील बहुसंख्य लोक याला अनुकूल आहेत आणि पाणी घरात शिरल्याचा अनुभव घेतल्यानंतर मीही सुरुवातीला अनुकूलच होतो. परंतु तळ्याकाठी राहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ मला म्हणाले, ‘‘झाकल्याने ओढा दिसायचा बंद होईल, पण तो माझ्या दारात येऊन उघडेलच.’’ तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. काँक्रीट केल्याने पूर खरोखर कमी होतो का? स्लॅब घालणे योग्य आहे का? आणि ओढा तसाच ठेवून केवळ तळे स्वच्छ करता येते का? ज्यांना या कामाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त अभियंता, टिळकवाडी

आपण प्रश्न फार नेमके विचारले आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे. माझी नोकरी पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या कामात गेली.

आधी पुराविषयी. आपल्या ओढ्याला ज्या क्षेत्राचे पाणी मिळते ते क्षेत्र समजा एक चौरस किलोमीटर आहे आणि एका तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला. जोपर्यंत तेथे भातशेती आणि गवताळ माळ होता, तोपर्यंत त्यातील साधारण तीस टक्के पाणी लगेच वाहून येत असे, म्हणजे ओढ्यात सेकंदाला सुमारे 4 घनमीटर पाणी. त्याच जमिनीवर छपरे, फरशी आणि डांबर आले की ऐंशी टक्के पाणी वाहून येते आणि ओढ्यात सेकंदाला 11 घनमीटर पाणी उतरते. पाऊस तेवढाच, आकाश तेच, पण पाणी जवळजवळ पावणेतीन पट. आपल्या स्वयंपाकघरात जे पाणी आले ते ओढ्याच्या अरुंदपणाने आले असे सर्वांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. वरच्या चारही वसाहतींच्या अंगणांत जे पाणी पूर्वी मुरत होते, ते आता आपल्याकडे येते आहे.

काँक्रीटचा गुळगुळीत नाला हे पाणी वेगाने पुढे ढकलतो. त्यामुळे आपल्या घराजवळची पातळी काही प्रमाणात उतरेल, हे मी नाकारत नाही. मात्र तेच पाणी कमी वेळात, एकदम, खालच्या मोरीवर येऊन आदळेल. मोरीचे तोंड जर तेवढे पाणी घेऊ शकत नसेल, तर पाणी मागे फुगते आणि नाल्याचे काठ कितीही गुळगुळीत असले तरी मोरीच्या वरच्या बाजूची घरे बुडतात. त्यामुळे कोणतेही काम करण्याआधी मोरीचे माप घ्यावे. मी पाहिलेल्या अनेक ठिकाणी पुराचे खरे कारण ओढा नव्हता. कारण होते एखाद्या जुन्या बैलगाडी-रस्त्याची मोरी, जी रस्ता चौपदरी झाला तरी तशीच राहिली होती, आणि तिच्यात कोणीतरी घातलेली पाण्याची किंवा केबलची आडवी पाइप, जिच्यावर प्लास्टिक अडकून बांध तयार होत असे.

तळाला काँक्रीट करण्याला माझा स्वच्छ विरोध आहे. बेळगावच्या पश्चिम भागात जांभा दगड आहे, त्यात पाणी मुरते आणि त्याच मुरलेल्या पाण्यावर या शहराच्या विहिरी जगल्या आहेत. 1924 साली येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोठी पाणीटंचाई आली तेव्हा शहरातील जुन्या विहिरी उपसून, स्वच्छ करून पुन्हा वापरात आणाव्या लागल्या होत्या. ज्या शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचे पाणी कमी पडले की विहिरींकडे वळावे लागते, त्या शहराने ओढ्याचा तळ सिमेंटने बंद करणे म्हणजे स्वतःच्या विहिरीचे झरे बुजवणे आहे. काठ ढासळत असतील तर त्यांवर दगड बसवून पिचिंग करावे, पण तळ मातीचाच राहू द्यावा.

स्लॅबविषयी तर मी हात जोडून सांगतो की तो घालू नये. झाकलेल्या नाल्यातील गाळ यंत्राने सहज काढता येत नाही. मग दोन-चार वर्षांनी नाला अर्धा भरतो आणि कोणाला तरी आत उतरवले जाते. मैलायुक्त पाणी हवेविना साचले की त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडचा घातक गुण असा की त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला धोका कळत नाही. माणसाला संरक्षक साधनांविना असे उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरीही आपण जे बांधतो तेच असे बांधतो की पुढे कोणीतरी उतरावेच लागेल. याहून मोठा आक्षेप मला सुचत नाही.

आता मूळ मुद्दा. उन्हाळ्यातही ओढा वाहतो असे आपण लिहिले आहे. एप्रिलमध्ये वाहणारे हे पाणी झऱ्याचे नसून बहुधा घराघरांतून येणारे आहे. याचा हिशेब सोपा आहे. नियोजनात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातील ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत येते असे मानतात. पाच माणसांच्या घराचे 540 लिटर झाले. तीनशे घरे ड्रेनेजऐवजी ओढ्याला जोडलेली असतील तर रोज 1 लाख 62 हजार लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन लिटर मैलापाणी अखंड वाहील.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस नसलेल्या आठवड्यात, ओढा जेथे एखाद्या पाइपमधून किंवा पायरीवरून पडतो तेथे बादली धरावी आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावे. पहाटे तीन वाजता एकदा आणि सकाळी साडेसात वाजता एकदा. झऱ्याचे पाणी दोन्ही वेळा सारखेच असते. सकाळी पाणी कितीतरी पट वाढत असेल, तर तो ओढा चार वसाहतींचे न्हाणीघर आणि संडास वाहून नेतो आहे असे समजावे. मग काठाकाठाने चालत जाऊन ओढ्यात उघडणारी प्रत्येक पाइप नकाशावर मांडावी. मी तर म्हणेन, प्रस्तावाला होय किंवा नाही म्हणण्याआधी एवढे काम झालेच पाहिजे.

पावसाचे पाणी ओढ्याचे आहे आणि मैलापाणी ड्रेनेजचे आहे. ही दोन पाणी एकत्र झाली की कारंजे लावून, गाळ काढून किंवा स्लॅब घालून ती वेगळी होत नाहीत.

शिवारकरी, वडगाव

अभियंता साहेबांनी वरच्या लोकांची बाजू सांगितली, मी खालच्या लोकांची सांगतो. आमची जमीन बळ्ळारी नाल्याला लागून आहे. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, हलगा या शिवारांतील शेतकऱ्यांना हा नाला काय आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. शहराचे पाणी घेऊन तो पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. आमचे वडील याच नाल्याचे पाणी भाताला घेत असत. आज रोप लावणीसाठी शेतात उतरले की पायांना खाज सुटते, म्हणून बायकामाणसे कामाला यायला कचरतात.

पावसाळ्यात शहरात दोन तास जोराचा पाऊस झाला की आमचे भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहते. नवीन लावलेले रोप कुजले तर दुबार लावणी करावी लागते आणि तोपर्यंत तरू (लावणीची रोपे) शिल्लक नसतो. 2019 च्या ऑगस्टमधील पुरात जे झाले ते सर्वांनी पाहिलेच आहे, पण त्यानंतरही जवळजवळ दर वर्षी थोड्याफार प्रमाणात तेच होते. पाणी उतरल्यावर शेतात राहतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि जलपर्णीचा थर. भातानंतर आम्ही मसूर, वाटाणा, हरभरा घेतो. त्यासाठी आधी हा सगळा कचरा वेचून बांधावर टाकावा लागतो, आणि ती मजुरी कोणत्याच पंचनाम्यात धरली जात नाही.

शहरातील प्रत्येक वसाहत आपल्यापुरता नाला सिमेंटचा करून घेते आणि पूर संपला असे म्हणते, पण तो संपलेला नसतो, आमच्याकडे आलेला असतो. आपल्या ओढ्याखाली तळे आहे. ते पुराचे पाणी काही काळ पोटात धरते. त्या तळ्याची सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंत आत सरकवून जागा कमी केली, तर खालच्यांचे पुन्हा नुकसान होईल. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, ही विनंती.

चौथी वसाहत

माझे घर ओढ्यापासून दहा फुटांवर आहे आणि मी स्लॅबच्या बाजूने आहे. वरील सर्व माहिती योग्य असेल, मी ती खोडत नाही. पण माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, लहान मूल आहे, घरात दोनदा साप निघाला आहे आणि डासांमुळे संध्याकाळी पाच वाजता दारे लावावी लागतात. पाइप शोधा, नकाशे काढा, ड्रेनेज जोडा, या सगळ्याला पाच वर्षे लागतील. तोपर्यंत आम्ही काय करावे? ज्यांची घरे ओढ्यापासून दूर आहेत त्यांना ओढा उघडा ठेवण्याचे प्रेम परवडते. हे कटू वाटेल, पण मनापासून लिहिले आहे.

विज्ञान शिक्षिका, खानापूर रोड

ताई, आपले म्हणणे कटू नाही, खरे आहे. दुर्गंधी आणि डास हा आजचा त्रास आहे आणि त्यावर आजचे उत्तर मिळाले पाहिजे. परंतु स्लॅब ते उत्तर देत नाही, हे मला शिक्षिका म्हणून सांगावेसे वाटते.

घाण पाण्यात वाढणारा डास क्युलेक्स जातीचा असतो. त्याला साचलेले, सेंद्रिय घाणीचे पाणी आणि अंधार दोन्ही आवडतात. झाकलेल्या गटारात त्याला हे सर्व मिळते आणि प्रत्येक चेंबरच्या फटीतून तो बाहेर येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर ओढ्यात वाढतच नाही, तो आपल्या घरातील पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत आणि गच्चीवरील टायरमध्ये वाढतो. डासाच्या अळ्यांना थांबलेले पाणी लागते, वाहत्या पाण्यात त्या टिकत नाहीत. म्हणून ओढ्यातील कचऱ्याचे बांध काढून मधोमध एक अरुंद, सलग वाहणारी चर मोकळी ठेवली, तर पहिल्या महिन्यातच फरक दिसेल. त्याला पाच वर्षे लागत नाहीत. जेसीबीचे दोन दिवस पुरतात, मात्र ते काम दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर व्हावे लागते.

तळ्याविषयी थोडे लिहिते, कारण मूळ प्रश्नातील तो भाग अजून कोणी घेतलेला नाही. नदी घाण पुढे नेते, तळे ती साठवते. मैलापाण्यातून आणि कपडे धुण्याच्या साबणातून फॉस्फरस येतो आणि वनस्पतींच्या वाढीला बहुतेक वेळा तोच कमी पडत असतो. तो मिळाला की शेवाळ आणि जलपर्णी भराभर वाढतात. कोरड्या शेवाळाच्या वजनात फॉस्फरस साधारण एक टक्का असतो. म्हणजे एक किलो फॉस्फरस तळ्यात आला, तर शंभर किलो शेवाळ उभे राहू शकते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी तपासलेले पाणी चांगले वाटते. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि पहाटे पाण्यात माशांपुरताही प्राणवायू उरत नाही. मेलेले मासे सकाळीच तरंगताना का दिसतात, याचे एक मोठे कारण हे आहे. लोक विष टाकल्याचा संशय घेतात आणि बिचाऱ्या कोणावर तरी आळ येतो.

गाळ काढण्याचा उपयोग होतो, कारण तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस साठलेला असतो आणि तळाशी प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात उतरतो. परंतु वरून येणारे मैलापाणी थांबवण्याआधी गाळ काढला, तर तो काही वर्षांत पुन्हा भरतो. क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात. कारंज्याने वरवरच्या पाण्यात थोडा प्राणवायू मिसळतो, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

आमच्या शाळेतील मुलांनी वीस सेंटिमीटर व्यासाची तबकडी काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या चार चतकोरांत रंगवून, दोरीला बांधून एका तळ्यात सोडली होती. ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते दर महिन्याला एकाच जागी, एकाच वेळी मोजायचे आणि वहीत लिहायचे. खर्च शंभर रुपयांच्या आत. वर्षभराच्या त्या नोंदींवरून तळे सुधारते आहे की बिघडते आहे ते कोणालाही वाचता येते. आपल्या भागातील शाळेला हे काम द्यावे, मुले ते फार निष्ठेने करतात.

रंकाळ्याची माहेरवाशीण

माझे माहेर कोल्हापूरचे, रंकाळ्याच्या अगदी जवळ. ओढा आणि तळे हा संबंध आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. शाम सोसायटीचा नाला आणि इतर काही नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे रंकाळ्यात येत राहिले आणि एवढे मोठे तळे हिरवे पडले. जलपर्णी काढण्यासाठी माणसे उतरली, यंत्रे आली, काठाची दुरुस्ती झाली, दिवे लागले. परंतु फरक पडू लागला तो नाल्यांचे पाणी वळवून दुधाळीच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्याचे काम सुरू झाल्यानंतर. तेही जोपर्यंत पाणी वळवले जाते तोपर्यंतच. जेव्हा वीज जाते, पंप बंद पडतो किंवा पाइप तुंबते, तेव्हा नाला आपली जुनी वाट धरतो. जयंती नाल्याचेही तसेच आहे. ते पाणी उपसून कसबा बावड्याच्या केंद्राला पाठवतात आणि उपसा थांबला की ते बंधाऱ्यावरून थेट पंचगंगेत जाते.

म्हणून आपल्याकडे पाणी वळवण्याची योजना झाली, तर पंपाशिवाय, उताराने जाणारी वाहिनी होते का ते आधी विचारावे. पंप लागणारच असेल तर दुसरा पंप आणि जनरेटर कागदावर लिहून घ्यावा. आमच्याकडच्या अनुभवातून एवढे सांगू शकते.

बेंगळूरवासी बेळगावकर

मी नोकरीनिमित्त बेंगळूरला आहे. येथे ओढ्यांना राजकालुवे म्हणतात. एका तळ्याचे जास्तीचे पाणी दुसऱ्या तळ्यात नेणाऱ्या या वाहिन्या होत्या आणि नगरविस्तारात त्यांचे मैलावाहक नाले झाले. मॅजेस्टिकच्या बाजूने निघून शांतीनगर, कोरमंगलावरून जाणारा असाच एक नाला बेळ्ळंदूर तळ्याच्या दिशेने उतरतो. नऊशे एकरांच्या आसपास पसरलेल्या त्या तळ्यावर साबणाचा फेस रस्त्यापर्यंत उडत असे आणि 2015 साली त्या फेसाने पेट घेतला. जानेवारी 2018 मध्ये तळ्याकाठच्या गवताला लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान आले होते. तळ्याला आग लागते हे वाक्य मी पहिल्यांदा घरी फोनवर सांगितले तेव्हा आईला खरे वाटले नाही.

पुढे याच नाल्याच्या पात्रात मैलापाणी येऊ न देता ते समांतर वाहिनीत नेण्याचे आणि काठ लोकांना चालण्यासाठी मोकळे करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. मी शांतीनगरजवळच्या भागात चालून आलो आहे. सगळे निर्दोष आहे असे म्हणणार नाही, काही ठिकाणी वास अजून आहे. पण तेथील लोकांनी ओढा झाकण्याचा आग्रह सोडून त्याच्याकडे खिडक्या उघडल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या जवळच हुबळीतही उणकल तळ्यातून निघणाऱ्या नाल्याच्या काठाने चालण्याची आणि सायकलची वाट करण्याचे काम झाले आहे. आपल्या वॉर्डातील मंडळींना एखाद्या रविवारी तेथे नेऊन आणावे. कागदावरच्या चित्रांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

निवृत्त अभियंता, टिळकवाडी

चौथ्या वसाहतीच्या ताईंना उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांचा आक्षेप योग्य आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात त्यांच्या आजच्या त्रासाचा विचार कमी पडला.

ओढा पूर्ण झाकण्याऐवजी घराच्या बाजूने छातीइतकी दगडी भिंत आणि तिच्यावर जाळी घालता येते. त्याने साप आणि कचरा फेकणे या दोन्ही गोष्टींना आळा बसतो. दुर्गंधी मुख्यतः साचलेल्या काळ्या गाळातून येते. शिक्षिकाताईंनी सांगितलेली मधली चर मोकळी केली की ती बरीच कमी होईल. ड्रेनेजची मुख्य वाहिनी आपल्या रस्त्यावरून जात असेल तर सगळ्या तीनशे घरांची वाट पाहू नये. सर्वांत जास्त पाणी सोडणाऱ्या पाइप आधी जोडाव्यात. बहुतेक ओढ्यांत थोड्याच पाइप निम्म्याहून अधिक घाण आणत असतात. त्यांत एखादे फुटलेले किंवा तुंबलेले चेंबर हमखास सापडते, ज्याचे पाणी ड्रेनेजमध्ये न जाता ओढ्यात उलटते. असे चेंबर दुरुस्त करणे हे एका आठवड्याचे काम आहे.

तळ्याच्या तोंडाशी मात्र थोडी जागा राखावी. तेथे ओढ्याचे पाणी आधी एका खोलगट खड्ड्यात थांबवून गाळ बसू द्यावा आणि मग पाणकणीस, कर्दळ, वेखंड अशा झाडांच्या उथळ पट्ट्यातून सावकाश तळ्यात सोडावे. ही झाडे सर्व मैला शुद्ध करतील अशी समजूत करून घेऊ नये. राहिलेले थोडे दूषित पाणी आणि पहिल्या पावसाबरोबर रस्त्यावरून धुऊन येणारे तेल, माती एवढे त्यांना पेलते. झाडे वेळोवेळी कापून बाहेर नेली नाहीत, तर त्यांनी शोषलेले सर्व पुन्हा तळ्यातच कुजते.

आणखी एक काम लवकर करावे. भूमापन खात्यातून गावाचा जुना नकाशा घ्यावा. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे मूळ मोजणी त्या काळची आहे आणि जुन्या नोंदी मराठीत, क्वचित मोडीतही सापडतात. ओढा नकाशात किती रुंद दाखवला आहे ते पाहावे. उताऱ्यावर ओढ्याची जागा बी-खराब म्हणून नोंदलेली असेल, तर ती सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली आहे आणि कोणी ती आपल्या आवारात घेतली असेल तर मोजणीत कळेल. प्रत मिळण्यास उशीर झाला तर माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. हे कोणाशी भांडण करण्यासाठी सांगत नाही. नकाशा टेबलावर असला की बैठकीत आवाज चढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

शिवारकरी, वडगाव

साहेबांनी तळ्याच्या तोंडाशी जागा राखायला सांगितले ते आम्हाला पटते. एक भर घालतो. तळ्यातून निघालेला गाळ शेतात टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण ज्या तळ्यात वर्षानुवर्षे मैलापाणी आणि कारखान्यांचे पाणी गेले आहे त्याचा गाळ तपासल्याशिवाय कोणी शेतात घेऊ नये. फुकट मिळतो म्हणून आमच्याकडे काहींनी घेतला आणि त्यात काच, सुया आणि प्लास्टिक निघाले.

ओढ्याकाठी (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले काम आधी करावे असे ठरवले.

आम्ही सात जण तीन रविवार काठाने चाललो. चौथ्या वसाहतीच्या ताईही आल्या होत्या आणि पाइप मोजण्याची वही त्यांच्याकडेच होती. ओढ्यात उघडणाऱ्या छत्तीस पाइप सापडल्या. त्यांतील एकोणीस कोरड्या होत्या, त्या केवळ गच्चीच्या पावसाच्या पाण्याच्या असाव्यात. उरलेल्या सतरांपैकी तीन मोठ्या होत्या आणि त्यांतील एक पाइप म्हणजे अभियंता काकांनी सांगितले तसे एक तुंबलेले चेंबरच निघाले. त्याचे झाकण वरच्या वसाहतीतील नव्या रस्त्याच्या डांबराखाली गेले आहे, म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

बादलीचे मापही घेतले. पंधरा लिटरची बादली पहाटे तीन वाजता भरायला छत्तीस सेकंद लागले आणि सकाळी साडेसात वाजता सात सेकंद. माझ्या मनात लहानपणीच्या झऱ्याचा काही अंश अजून शिल्लक असेल अशी आशा होती. कदाचित त्या पहाटेच्या छत्तीस सेकंदांत थोडा असेलही, कारण ते पाणी साडेसातच्या पाण्याइतके काळे नव्हते.

मोरीचे माप घेतले तेव्हा तिच्या आत एक जुनी लोखंडी पाइप आडवी गेलेली दिसली आणि तिच्यावर कापड, नारळाच्या शेंड्या व प्लास्टिकचा गठ्ठा अडकला होता. गेल्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात आलेले पाणी बहुधा तेथेच फुगले असावे. ती पाइप कोणत्या खात्याची आहे ते विचारण्यासाठी अर्ज दिला आहे.

प्रस्तावावरील बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. स्लॅब आणि तळाचे काँक्रीट वगळावे, चेंबर आणि तीन मोठ्या पाइप आधी जोडाव्यात, मोरी मोकळी करावी आणि तळ्याचा गाळ त्यानंतर काढावा, असे लेखी निवेदन आम्ही देणार आहोत. आतापर्यंत एकशे चार घरांच्या सह्या झाल्या आहेत. स्लॅबच्या बाजूचे लोकही आहेत आणि त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

अभियंता काका, जुन्या नकाशाची प्रत मिळाली, पण काही नोंदी मोडीत आहेत आणि आमच्यापैकी कोणालाही त्या वाचता येत नाहीत. आपल्याला किंवा आपल्या ओळखीत कोणाला मोडी येत असेल तर कृपया कळवावे, बैठकीच्या आधी एखाद्या संध्याकाळी आम्ही नकाशा घेऊन टिळकवाडीला येऊ.

निवृत्त अभियंता, टिळकवाडी

मला मोडी थोडी येते, माझ्या थोरल्या बहिणीला माझ्यापेक्षा चांगली येते. येत्या गुरुवारी सहानंतर या. नकाशा घडी न घालता, गुंडाळून आणावा, आणि पाइपांची वहीही सोबत असू द्यावी.